कॉम्प्युटर चुकत नाही म्हणे!

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, कारण दोन्ही शनिवार आंबेगाव तालुक्यात एका दूध संस्थेच्या कॉम्प्युटरसमोर गेले. आज डोकं जरा शांत झालंय (पूर्ण नाही), म्हणून लिहून टाकतो. लेख लांबलाय आणि थोडा भांडखोर आहे. आमच्या धंद्यातल्या लोकांना लागेल. लागावा अशीच इच्छा आहे.

तर झालं असं. मंचर आणि घोडेगावच्या मधे, घोड नदीच्या काठाला आमच्या मामांचं गाव. मामा तिथल्या दूध संस्थेचे सचिव. सकाळी सहाला केंद्र उघडायचं, आलेलं दूध काट्यावर घालायचं, मशीनवर फॅट-एसएनएफ बघायची, कॉम्प्युटरमधून पावती काढून द्यायची. दर दहा दिवसांनी पगार. (शहरी वाचकांसाठी: आमच्याकडे दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात. नोकरीतल्यासारखा तो एक तारखेला येत नाही, आणि त्यातून पेंड-भुसा वजा होऊन येतो, एवढाच फरक.)

मामांचा फोन आला. "अरे, जरा येऊन बघशील का? लोक मला चोर म्हणायला लागलेत."

मामा सहसा मदत मागत नाहीत. शनिवारी पहाटे निघालो, चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो, आणि नवाच्या सुमारास पोचलो. केंद्रावर दूध घालून झालं होतं. एक मावशी तेवढ्या थांबल्या होत्या. त्यांच्या हातात शंभर पानी वही. मामांशी त्या महिनाभर बोलत नव्हत्या, दूधही दुसऱ्या केंद्रावर घालायच्या बेतात होत्या. मी 'पुण्याचा कॉम्प्युटरवाला' म्हटल्यावर वही माझ्यापुढे ठेवली.

"मी काय शिकल्याली न्हाई, पन आकडं कळत्यात मला. फॅट तीन-पाच लागली का भाव बरूबर. तीन-सहा लागली का बी बरूबर. तीन-सात लागली का भाव तीन-सहाचाच. मागल्या टायमाला त्या सॉफ्टवेअरवाल्याला इचारलं, तर म्हनला, कॉम्प्युटर चुकत न्हाई मावशी."

वहीत रोजची तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ आणि मिळालेला भाव. शेजारी भिंतीवरच्या रेट चार्टमधला भाव. जिथे फरक, तिथे लाल पेनानं फुली. मंडळी, वीस वर्षं या धंद्यात आहे. टेस्टिंगवाल्यांनी लिहिलेले शेकडो बग रिपोर्ट वाचलेत. इतका स्वच्छ बग रिपोर्ट मी आजवर पाहिलेला नाही.

आता आत काय चाललं होतं ते सांगतो. सॉफ्टवेअर पुण्यातल्या एकानं केलेलं, मागे मायएसक्यूएल. (नाव सांगणार नाही, कारण नाव महत्त्वाचं नाही. असे शंभर आहेत.) रेट चार्टच्या टेबलात फॅटचा कॉलम होता फ्लोट. आणि भाव काढायची क्वेरी साधारण अशी: फॅट <= मशीननं दिलेली फॅट, उतरत्या क्रमानं लावा, वरची एक ओळ घ्या. वाचायला बरोबर वाटते. ३.७ आली, तर ३.७ किंवा त्याखालचा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे ३.७ च मिळायला हवा.

मिळत नाही. कारण फ्लोट म्हणजे चार बाइटांत मावेल तेवढा बायनरी अपूर्णांक. आपल्या दशांशात जसा १/३ कधी संपत नाही, ०.३३३३ करत बसावं लागतं, तसा बायनरीत १/१० संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. त्यामुळे ३.७ हा आकडा फ्लोटमध्ये ३.७००००००४७... असा बसतो. क्वेरीतला ३.७ मात्र इतका जाडाभरडा तोडलेला नसतो. मग डेटाबेस विचारतो, टेबलातला ३.७००००००४७ हा ३.७ पेक्षा लहान किंवा तेवढाच आहे का? नाही! मोठा आहे. सोडा त्याला, पुढची ओळ घ्या. पुढची ओळ ३.६. ती फ्लोटमध्ये ३.५९९९९९९... अशी बसलेली, म्हणजे लहान, म्हणजे चालली.

गंमत बघा. ३.१, ३.३, ३.६, ३.८ हे फ्लोटमध्ये किंचित कमी बसतात, त्यांना बरोबर भाव मिळतो. ३.२, ३.४, ३.७, ३.९ किंचित जास्त बसतात, त्यांना एक पॉइंट कमी भाव मिळतो. चारच्या पुढे ४.३, ४.४, ४.८, ४.९ ना तोच रोग. मावशींच्या लाल फुल्या तंतोतंत याच आकड्यांवर होत्या. (एसएनएफचा कॉलम नंतर कोणीतरी वाढवलेला, तो सुदैवानं डेसिमल होता. नाहीतर त्यांनाही हे सापडलं नसतं.)

आणि नीट लक्ष द्या, चूक एकाच बाजूला होते. आकडा कमी बसला तर शेतकऱ्याला बरोबर पैसे, जास्त बसला तर कमी पैसे. शेतकऱ्याला चुकून जास्त पैसे गेले, असं एकदाही होत नाही. प्रोग्रामरच्या मनात पाप नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या खिशातून सहा महिने पैसे जातायत त्याला तुमच्या मनातलं काय दिसणार? त्याला समोर बसलेले मामा दिसतात.

किती पैसे? समजा एका पॉइंटला ३० पैसे फरक आणि घरचं दूध २० लिटर. म्हणजे दिवसाला ६ रुपये. निम्मे दिवस असली फॅट लागली तरी वर्षाला हजाराच्या वर. एका घराचा आकडा बघून कोणी आंदोलन करणार नाही. पण असे १०० उत्पादक धरले की वर्षाला लाखाची गोष्ट झाली. हे पैसे गेले कुठे? संस्थेच्या जमाखर्चात 'वाढावा' म्हणून दिसत होते. "दिवाळीला बोनस वाटला की रे त्यातूनच!" मामा म्हणाले. म्हणजे लोकांचेच पैसे लोकांना बोनस म्हणून दिले, आणि वर चोरही ठरले :-)

आता प्रश्न असा, की हे सॉफ्टवेअर विकण्याआधी कोणी तपासलंच नाही का? तपासलं असणार. गाईच्या दुधाचा आपल्याकडचा प्रमाण आकडा म्हणजे फॅट ३.५, एसएनएफ ८.५. म्हशीचं ६.० आणि ९.०. बायनरीत नेमके .० आणि .५ हेच अचूक बसतात, बाकी आठही दशांश अडचणीचे. प्रोग्रामरनं ३.५ टाकून बघितलं, ६.० टाकून बघितलं, बरोबर आलं, बिल लावलं, गेला. पाठ्यपुस्तकातलं दूध टाकून तपासलं, गोठ्यातलं नाही.

बरं, टेबल उघडून बघितलं तर काय दिसतं? ३.७! मायएसक्यूएल फ्लोट दाखवताना आकडा नीटनेटका करून दाखवतो. त्या कॉलममध्ये शून्य मिळवून दाखव म्हटलं की खरं रूप बाहेर येतं. तुमच्याकडे असं काही टेबल असेल तर आत्ता करून बघा, मी थांबतो.

मी त्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. पण जे उत्तर दिलं त्यावर हा सगळा लेख आहे. म्हणाला, "साहेब, फुकटचा डेटाबेस आहे ना, त्यात असं होतं. तुम्ही संस्थेला पैसे टाकायला सांगा, मोठा डेटाबेस टाकून देतो."

इथे माझी सटकली.

डेटाबेस फुकटचा आहे म्हणून ३.७ चुकला? फ्लोटचं हे वागणं अंकगणिताचं आहे, फुकट-विकतचं नाही. पोस्टग्रेसमध्ये 'रिअल' घेतलात तरी हीच क्वेरी अशीच फसेल. १९९१ साली आखाती युद्धात दहरानला पेट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा १०० तास सलग चालू राहिली आणि तिचं घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदानं चुकलं, कारण ०.१ सेकंद हा आकडा बायनरीत तोडून बसवला होता. स्कड अडवता आलं नाही, २८ अमेरिकन सैनिक गेले. ती यंत्रणा फुकटची नव्हती. आणि मायएसक्यूएलनं २००५ च्या ५.० आवृत्तीपासून डेसिमलचं अंकगणित अचूक करून ठेवलंय. पैशासारखं अचूक काही साठवायचं तर डेसिमल वापरा, हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. 'डेसिमल' टाइप करायला 'फ्लोट'पेक्षा दोन अक्षरं जास्त लागतात. तेवढ्यासाठी संस्थेनं काही लाखांचा परवाना घ्यायचा?

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ओपन सोर्स डेटाबेसच्या नावावर आपण ज्या 'कॉमन अडचणी' खपवतो, त्यातल्या बहुतेक त्या डेटाबेसच्या नसतात. तो बसवून निघून गेलेल्या माणसाच्या असतात. फुकट मिळतो तो प्रोग्राम. जबाबदारी फुकट जात नाही, ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर पडते. इथे ती मामांच्या अंगावर पडली.

फ्लोट एकटा असता तर मी एक चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच कॉम्प्युटरवर आणखी तीन गोष्टी सापडल्या, आणि त्या तुम्हाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही पतपेढीत, औषधाच्या दुकानात, कृषी सेवा केंद्रात सापडतील.

एक. मामांच्या टेबलावर पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद होता. 'टेबल इज मार्क्ड ॲज क्रॅश्ड असे आले तर' काय काय दाबायचं त्याच्या सहा पायऱ्या. लाईट गेली की हे येणारच, असं मामांना सांगून ठेवलेलं. मामा बिचारे आठवड्यातून एकदा-दोनदा रिपेअर टेबल चालवायचे, औषधाची गोळी घ्यावी तसे. कारण? टेबलं मायआयसॅम प्रकारची. मायआयसॅमला अर्धवट राहिलेलं काम पूर्ववत करता येत नाही. लिहिता लिहिता लाईट गेली की टेबल मोडतं, आणि दुरुस्त करताना कधीकधी ओळी गळतात. इनोडीबी आधी लॉगमध्ये नोंद करतो आणि लाईट आल्यावर स्वतःच सावरतो. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून काही न सांगता टेबल बनवलं तर ते इनोडीबीच बनतं. मग हे मायआयसॅम कुठून आलं? प्रोग्रामरनं आपली जुनीपुराणी स्क्रिप्ट तशीच चालवली, त्यात प्रत्येक टेबलाच्या शेवटी तसं लिहिलेलं. ज्या भागात लाईट जाणं हा रोजचा कार्यक्रम, तिथे लाईट गेल्यावर मोडणारं टेबल देणं, आणि वर ते जोडायची पायऱ्यांची चिठ्ठी देणं, याला सेवा म्हणायचं? टेबल बदलायला मला एका ओळीचा अल्टर टेबल लागला. (आधी बॅकअप घेऊन. उत्साहात तसंच करू नका.)

दोन. सभासदांच्या यादीत पाऊणएक नावं मराठी, आणि उरलेली '?????'. नुसती प्रश्नचिन्हं. टेबल लॅटिन१ मध्ये, नवीन स्क्रीनवरून नावं यायची ती यूटीएफ८ मध्ये. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह. मग जुनी नावं कशी दिसत होती? ती जुन्या स्क्रीननं दोन्हीकडे लॅटिन१ सांगून कच्चे बाइट तसेच कोंबलेले होते. चुकीला चूक जुळून बरोबर दिसत होतं!

इथे एक कामाची गोष्ट सांगतो, लिहून ठेवा. मराठीच्या जागी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका, बहुतेक वेळा मूळ बाइट शाबूत असतात आणि नाव परत मिळतं. पण प्रश्नचिन्हं दिसली तर आधी हेक्समध्ये बघा. ई० ए४ किंवा ई० ए५ अशा जोड्या दिसल्या तर ती देवनागरी आहे, फक्त दाखवण्यात गडबड आहे. ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. नाव गेलं. कुठलाही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही, कागदावरूनच परत भरावं लागतं. मामांनी आणि मी रविवारी तेच केलं.

आता यातली चीड आणणारी गोष्ट. मायएसक्यूएल हे गप्प बसून करत नव्हता! २०१५ च्या ५.७ पासून तो स्ट्रिक्ट मोडमध्येच येतो. त्या मोडमध्ये देवनागरी लॅटिन१ मध्ये कोंबायला गेलात की तो सरळ नकार देतो, चूक दाखवतो. पण कॉन्फिगच्या फाइलमध्ये ती ओळ रिकामी केलेली होती. का? कारण स्ट्रिक्ट मोडमुळे प्रोग्राम 'एरर देत होता'. आमच्या धंद्यात कोणालाही विचारा, मायएसक्यूएल एरर देतंय, काय करू? पहिला सल्ला हाच: मोड रिकामा करा, एरर जाईल.

जुन्नर-आंबेगाव हा बिबट्याचा मुलूख. उसाच्या कडेला ज्याचं घर आहे त्याला विचारा, रात्री कुत्रं जोरात भुंकायला लागलं तर काय करता? कोणी म्हणतं का, झोप मोडते म्हणून कुत्रं हाकलून दिलं? बॅटरी घेऊन बाहेर बघतात. आपण इंजिनिअर लोक भुंकणारं कुत्रं सोडून देतो आणि 'आता शांत आहे' असं ग्राहकाला सांगून बिल लावतो. गोठ्यातलं वासरू गेलं की म्हणतो, फुकटचं कुत्रं होतं.

तीन. बॅकअप. होता, रोज रात्री दहाला व्हायचा. कुठे? त्याच कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कवर, शेजारच्या ड्राइव्हमध्ये. आणि कसा? डेटाबेस चालू असताना डेटाचं फोल्डर उचलून कॉपी. चालू डेटाबेसची अशी कॉपी म्हणजे धावत्या माणसाचा फोटो, एक पाय हवेत. तो उभा राहीलच याची खात्री नाही. मी मामांना म्हटलं, यातला एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघू. तीनपैकी एकही चढला नाही. म्हणजे इतके दिवस तो बॅकअप नव्हताच, फोल्डर होतं. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "आपलं मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव राहिलं, गाव राहिलं नाही. तसंच की हे." मला याहून चांगलं समजावता आलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, डेटाबेसवाल्यांची काहीच चूक नाही का? आहे ना. अनेक वर्षं मायएसक्यूएल चुकीचा डेटा मुकाट्यानं गिळायचा, आणि त्याचा अभिमानही बाळगायचा. काही न सांगता टेबल बनवलं तर लॅटिन१ मिळायचं, ते थेट २०१८ च्या ८.० पर्यंत. त्यानंतर यूटीएफ८एमबी४ आलं. नुसतं 'यूटीएफ८' म्हटलं की तीन बाइटांचं अपुरं यूटीएफ८ मिळायचं. देवनागरी तीन बाइटांत बसते म्हणून आपलं निभावलं, इमोजी टाकणाऱ्यांची पंचाईत झाली. झॅम्पमध्ये रूटला पासवर्डच नसतो, आणि मामांच्या मशीनवरही नव्हता. पण या सगळ्या गोष्टी लपवलेल्या नाहीत. मॅन्युअलमध्ये आहेत, उघड्यावर आहेत, फुकट वाचायला आहेत. माँटी विडेनियसनं १९९५ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला, त्याची मारियाडीबी ही दुसरी शाखा निघाली. मालक बदलले, तरी मॅन्युअल कोणी काढून घेतलं नाही. वाचत नाही ते आपण.

दुसरा मुद्दा नेहमी येतो तो पैशाचा. "संस्था आठ-दहा हजार देते, त्यात तुम्हाला बँकेसारखी सिस्टिम हवी?" हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मी स्वतः तिथे होतो. २००६ साली, नोकरी लागण्याआधी, मी एका पतपेढीचं व्याजाचं सॉफ्टवेअर केलं होतं. त्यात रकमेचा कॉलम काय होता, सांगू? फ्लोट. पैशांची बेरीज जुळेना म्हणून मी काय केलं, सांगू? प्रत्येक ठिकाणी राउंड मारत सुटलो, आणि मॅनेजरना म्हटलं, "पैसे-दोन पैशांचा फरक येतो, चालतं." कोणी चालतं म्हटलं होतं? मीच. ते सॉफ्टवेअर पुढे कधी बदललं, बदललं का, मला माहीत नाही. मी फोन उचलणं बंद केलं होतं. त्यामुळे त्या सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालताना अर्ध्या मी स्वतःला घालत होतो.

पण मुद्द्याला उत्तर आहे. कमी पैशात कमी काम करा, चुकीचं काम करू नका. सुतार कमी पैशात साधी खुर्ची देतो, तीन पायांची देत नाही. रिपोर्ट कमी द्या, रंगीत स्क्रीन देऊ नका, एसएमएस देऊ नका. डेसिमल, इनोडीबी, यूटीएफ८एमबी४ आणि चालू असलेला स्ट्रिक्ट मोड यांना एक रुपयाही जास्त लागत नाही. लागतो तो अर्धा दिवस, वाचायला.

आणि 'फुकटचं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक प्रश्न. मायएसक्यूएल ८.० च्या कोलेशनच्या यादीत (म्हणजे कुठल्या भाषेची अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची, त्या नियमांच्या यादीत) आइसलँडिक आहे, एस्पेरांतो आहे, शेजारच्या श्रीलंकेतली सिंहली आहे. मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत आपण आठ कोटींच्या वर. त्यामुळे सभासदांच्या यादीत 'काळे' हे 'कावळे'च्या आधी येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयूची मराठी कोलेशन निवडता येते, पण निवडतो कोण? पुण्यात इतके इंजिनिअर आहेत, पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचं मोठं ऑफिसही पुण्यात आहे. हा सोर्स कोड उघडा आहे, वाचता येतो, दुरुस्ती पाठवता येते. ओपन सोर्सचा अर्थ तो आहे. आपण त्याचा अर्थ 'परवान्याचे पैसे वाचले' एवढाच घेतला.

असो. नुसतं भांडून उपयोग नाही. कोणाकडे डेटाबेस बसवून देत असाल, किंवा अडलेला दुरुस्त करायला जात असाल, तर एवढं कराच:

१. एरर लॉग आधी वाचा. रिस्टार्ट नंतर. लॉग न वाचता केलेला रिस्टार्ट म्हणजे पुरावा पुसणं.

२. पैसा, फॅट, वजन, व्याजदर हे सगळं डेसिमल. आधीच फ्लोट असेल तर बदलल्यावर जुने हिशोब पुन्हा काढून फरक बघा, तो ग्राहकाला सांगा.

३. स्ट्रिक्ट मोड बंद करून एरर घालवू नका. एरर कुठल्या ओळीवर, कुठल्या कॉलमवर आहे ते बघा. कोणीतरी चुकीचं काहीतरी लिहितंय.

४. कॅरेक्टर सेट तीन ठिकाणी बघा: टेबल, कनेक्शन, स्क्रीन. तिन्ही एक हवेत. नमुन्याला 'टेस्ट' असं नाव टाकू नका, 'ज्ञानेश्वर कृष्णा ढोबळे' टाका आणि तेच परत येतं का बघा.

५. बॅकअप डंप काढून घ्या, दुसऱ्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. चढवून न बघितलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ३.५ टाकून तपासू नका. ३.७ टाका.

दुसऱ्या शनिवारी परत गेलो. लिटर आणि फॅटच्या नोंदी होत्याच, चुकला होता तो फक्त भाव. त्यामुळे सॉफ्टवेअर आल्यापासूनचा प्रत्येकाचा फरक काढता आला. पंचांची मीटिंग झाली. एक-दोघं म्हणाले, बोनस दिलाय की, आता कशाला उकरायचं. मामा उठून म्हणाले, बोनस सगळ्यांना लिटरमागं सारखा गेला, फरक ज्याचा त्याचा वेगळा आहे, तो ज्याचा त्याला गेला पाहिजे. पुढच्या तीन पगारांत विभागून द्यायचं ठरलं. मावशींची वही मी परत दिली. त्यांनी पहिल्यांदा बेरीज स्वतः करून बघितली, मग म्हणाल्या, "बरूबर हाय." दूध अजून मामांकडेच घालतायत. बोलतात की नाही ते मी विचारलं नाही.

परत येताना जरा वाकडी वाट करून नाणेघाटला गेलो. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिकेचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती कार्षापण दिले, त्याचा हिशोब आकड्यांत कोरलाय. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी ते अंक. मधली बरीच अक्षरं झिजलीत, पण जे आकडे उरलेत ते त्यानं कोरले तसेच आहेत. त्याच तालुक्यांत आज गाईंचा आणि पैशांचा हिशोब आपल्या हातात आहे. निदान लिहिलेला आकडा वाचताना तोच यावा, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

उद्या रविवार. त्या पतपेढीचा जुना नंबर डायरीत सापडलाय. फोन लावणार आहे.

ता. क. "तुम्ही त्या सॉफ्टवेअरवाल्याला शिकवलं का?" असं बायकोनं विचारलं. शिकवलं. त्याच्या आणखी काही केंद्रांवर हेच सॉफ्टवेअर आहे. यादी त्यानं स्वतःहून दिली, आणि आता तो एकेका ठिकाणी जाऊन कॉलम बदलतोय. माणूस सज्जनच आहे. फक्त त्याला आजवर कोणी वही दाखवली नव्हती. किंवा दाखवली होती, आणि त्यानं म्हटलं होतं, कॉम्प्युटर चुकत नाही.